हंगेरीतील एत्वेश गणितस्पर्धा आणि तिचे फलित

(१)

मराठीत ‘रँग्लर’ हा शब्द विद्वत्तेची पदवी म्हणून रूढ झाला तो केंब्रिज विद्यापीठातील एका परीक्षेमुळे. गणिताच्या ‘ट्रायपॉस’ परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांस ही संज्ञा असे, आणि त्यांतील अग्रक्रमाचा मानकरी ‘सीनियर रँग्लर’ म्हणून ओळखला जाई. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने हा मान मिळविला आणि महाराष्ट्रात त्या शब्दाला एक वलय प्राप्त झाले. पुढे महाजनी, नारळीकर आदी नावांशी तो शब्द जोडला गेला, आणि गणितातील प्रावीण्य म्हणजे परीक्षेतील क्रमांक, हे समीकरण आपल्याकडील सुशिक्षितांच्या मनात पक्के झाले.

परांजपे यांच्या यशाच्या पाच वर्षे आधी, १८९४ साली, हंगेरीत तरुणांच्या गणितबुद्धीची एक वेगळी कसोटी सुरू झाली होती. तिला ना केंब्रिजची प्राचीनता होती, ना साम्राज्याची प्रतिष्ठा. शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी एका दिवशी एकत्र जमत, तीन प्रश्न सोडवीत आणि घरी जात. तथापि आज जगभर ज्या शालेय गणितस्पर्धा भरतात त्यांची वंशावळ शोधू गेल्यास ती केंब्रिजकडे न जाता या हंगेरियन स्पर्धेपाशी येऊन थांबते.

गणितस्पर्धांचे लाभ सांगताना सामान्यतः बुद्धीला धार येते, आत्मविश्वास वाढतो, गुणी विद्यार्थी हुडकता येतात असे मुद्दे मांडले जातात. ते चुकीचे नाहीत. परंतु ते कोणत्याही कठीण परीक्षेला लागू पडतात. इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न अधिक नेमका आहे. दोन कसोट्यांपैकी एकीने क्रमांक दिले आणि दुसरीने गणितज्ञांची परंपरा निर्माण होण्यास हातभार लावला. हा भेद कशामुळे पडला? त्याचे उत्तर स्पर्धेच्या दिवसात सापडत नाही, तर त्या दिवसाच्या आधी व नंतर काय घडत होते यात सापडते, असे उपलब्ध इतिहासावरून दिसते.

(२)

प्रथम ट्रायपॉसचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही परीक्षा बुद्धीइतकीच शरीराचीही कसोटी पाहणारी होती. १८५४ साली ती आठ दिवस चालली. सोळा प्रश्नपत्रिका, एकूण साडेचव्वेचाळीस तास आणि २११ प्रश्न, असा तिचा विस्तार होता. इतक्या प्रश्नांना इतक्या वेळात सामोरे जाणाऱ्यास विचार करण्यास सवड नसते. त्याला सवय लागते. ही सवय लावणारा खासगी शिक्षकांचा एक वर्गच केंब्रिजमध्ये उदयास आला. त्यांतील सर्वांत ख्यातनाम एडवर्ड राउथ. ते स्वतः १८५४ चे सीनियर रँग्लर होते, आणि पुढील तीन दशकांत त्यांच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले.

गुणानुक्रमाची यादी जाहीर होणे हा त्या काळी राष्ट्रीय औत्सुक्याचा विषय असे. अग्रक्रम मिळविणाऱ्यास महाविद्यालयाची फेलोशिप मिळे आणि न्यायालय, धर्मपीठ व प्रशासन यांची दारे उघडत. म्हणजेच गणितातील प्रावीण्य हे बहुतेकांच्या बाबतीत अन्य क्षेत्रांत जाण्याचे साधन होते. १८९० साली फिलिपा फॉसेट यांनी सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळविले. परंतु त्या स्त्री असल्यामुळे यादीत त्यांचा उल्लेख ‘सीनियर रँग्लरच्या वर’ एवढाच झाला. ती पदवी त्यांना लाभली नाही. क्रमांकाची ही व्यवस्था गुणवत्ता मोजण्याइतकीच प्रतिष्ठा वाटण्यासाठी होती, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

या परीक्षेतून थोर शास्त्रज्ञ निर्माण झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. केल्विन, मॅक्सवेल, जे. जे. टॉमसन हे सर्व ट्रायपॉसचेच विद्यार्थी. योगायोग असा की तिघेही दुसऱ्या क्रमांकाचे मानकरी होते. परंतु युरोप खंडावर गणितीय विश्लेषणाची जी नवी बांधणी चालली होती तिच्यापासून केंब्रिज दीर्घकाळ अलिप्त राहिले, आणि याचा दोष या परीक्षेकडे जातो, असे तिचे टीकाकार मानीत. त्यांतील अग्रणी जी. एच. हार्डी हे स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर होते. गुणानुक्रमाने यादी लावण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली, तरी हार्डी यांचे समाधान झाले नाही. १९२६ साली मॅथेमॅटिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी ही परीक्षा सुधारण्यापेक्षा ती मोडीत काढावी, अशी भूमिका मांडली.

परांजपे यांचे चरित्रही या संदर्भात बोलके आहे. १९०२ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री, कुलगुरू, ऑस्ट्रेलियातील भारताचे उच्चायुक्त अशी त्यांची कारकीर्द बहरली. महाराष्ट्राच्या शिक्षणावर त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ते ऋण शिक्षणसंस्थेच्या उभारणीचे आहे, गणितातील संशोधनाचे नव्हे. त्या काळच्या केंब्रिजमधील अग्रक्रमाची वाट बहुधा ज्या दिशेने जात असे, त्याच दिशेने तीही गेली.

(३)

हंगेरीकडे वळताना तेथील परिस्थिती वेगळी होती हे विसरून चालणार नाही. १८६७ च्या तडजोडीनंतर ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात हंगेरीस अंतर्गत स्वायत्तता मिळाली होती. बुडापेस्ट झपाट्याने वाढत होते आणि नव्या मध्यमवर्गास, विशेषतः ज्यू कुटुंबांस, शिक्षण हाच उन्नतीचा मार्ग वाटत होता. माध्यमिक शाळांची जर्मन धर्तीवर पुनर्रचना झाली होती. मोर कार्मान यांनी उभारलेल्या आदर्श विद्यालयात नियम घोकण्याऐवजी उदाहरणांवरून नियमाकडे जाण्याची पद्धत अवलंबिली जात होती. भूमी नांगरलेली होती; बी पडण्याचा अवकाश होता.

१८९१ साली हंगेरियन गणित व पदार्थविज्ञान परिषद स्थापन झाली. गुरुत्वाकर्षणाच्या सूक्ष्म मापनासाठी ख्यात असलेले बॅरन लोरांद एत्वेश हे तिचे अध्यक्ष होते. १८९४ साली ते हंगेरीचे शिक्षणमंत्री झाले. या प्रसंगाचे स्मरण म्हणून परिषदेने, ग्युला केनिग या गणितज्ञाच्या सूचनेवरून, त्याच वर्षी माध्यमिक शाळा नुकतीच पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांसाठी वार्षिक गणितस्पर्धा सुरू केली. मंत्र्याच्या गौरवार्थ सुरू होणारे उपक्रम बहुधा मंत्रिपदाबरोबरच मावळतात. एत्वेश यांचे मंत्रिपद वर्षभरही टिकले नाही; स्पर्धा मात्र टिकली.

ती टिकण्याचे एक कारण त्याच वर्षाच्या आरंभी घडलेल्या दुसऱ्या, कमी गाजलेल्या घटनेत आहे. ग्योर या प्रांतीय शहरातील शाळाशिक्षक दानिएल आरान्य यांनी जानेवारी १८९४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी गणिताचे एक मासिक काढले. त्याच्या प्रत्येक अंकात प्रश्न असत. विद्यार्थी आपली उत्तरे टपालाने धाडीत. चांगली उत्तरे विद्यार्थ्याच्या नावासह छापली जात आणि अचूक उत्तर पाठविणाऱ्या इतरांचीही नावे दिली जात. १८९६ पासून १९१४ पर्यंत या मासिकाचे संपादन बुडापेस्टच्या लुथरन विद्यालयातील शिक्षक लास्लो रात्स यांनी केले. जॉन फॉन नॉयमान व यूजीन विग्नर हे पुढे याच शाळेत रात्स यांचे विद्यार्थी झाले. विग्नर यांनी प्रिन्स्टनमधील आपल्या खोलीत रात्स यांचे छायाचित्र लावले होते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

स्पर्धा वर्षातून एकदा येई. मासिक दरमहा येई. पहिलीत प्रवेश शालान्त परीक्षेनंतर. दुसऱ्यात शाळेत असतानाच. पहिलीत वेळ चार तास; दुसऱ्यात प्रश्न अनेक आठवडे मनात घोळवीत ठेवण्याची मुभा. या दोन संस्था एकमेकींस पूरक होत्या, आणि एत्वेश स्पर्धेचे यश समजून घेताना मासिकास वगळणे म्हणजे फळाचा विचार करताना झाड विसरणे होय.

(४)

स्पर्धेची रचना ट्रायपॉसच्या अगदी उलट होती. प्रश्न फक्त तीन आणि वेळ चार तास. परीक्षार्थ्यास हवी ती पुस्तके व टिपणे जवळ बाळगण्याची परवानगी होती. या एका सवलतीमुळे पाठांतराचे सारे मोल नाहीसे झाले. जे पुस्तकात आहे ते विचारण्यात अर्थच उरला नाही, आणि प्रश्न काढणाऱ्यांस पुस्तकात नसलेले, परंतु शालेय ज्ञानाने सुटू शकणारे प्रश्न शोधणे भाग पडले. पारितोषिके दोनच असत. शेकडो विद्यार्थ्यांस एकाखाली एक उभे करणारी यादी लावण्याचा येथे प्रयत्नच नव्हता.

१८९४ च्या पहिल्या स्पर्धेतील पहिला प्रश्न या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. क्ष आणि य हे पूर्णांक असता (२क्ष + ३य) आणि (९क्ष + ५य) या दोन राशींपैकी एकीस १७ ने निःशेष भाग जात असेल तर दुसरीसही जातो, हे सिद्ध करावयाचे होते. प्रश्नात असे काहीही नाही की जे साधारण विद्यार्थ्यास ठाऊक नसावे. परंतु ठराविक रीतीने तो सुटत नाही. पहिल्या राशीची चौपट करून तीत दुसरी मिळविली की १७क्ष + १७य, म्हणजे १७ ची पट मिळते, एवढे ध्यानात आले पाहिजे. मग एक राशी १७ ने विभाज्य असल्यास दुसरीही असणार हे उघड होते, कारण ४ व १७ यांस सामाईक अवयव नाही. सारी सिद्धता दोन ओळींची. परंतु त्या दोन ओळींपूर्वी दोन राशी एकमेकींशी कशा निगडित आहेत हे पाहण्याची दृष्टी लागते. ही दृष्टी घोकंपट्टीने येत नाही, आणि केवळ उपजतही नसते. असे पुष्कळ प्रश्न स्वतः झगडून सोडविल्याने ती अंगी बाणते. अशा झगड्याची सोय मासिकाने केली होती.

स्पर्धेनंतर प्रश्न विस्मृतीत जात नसत. उत्तम उत्तरे प्रसिद्ध होत आणि त्यांवर चर्चा होई. योझेफ क्यूर्शाक यांनी १९२९ साली तोवरचे प्रश्न उत्तरांसह व विवेचक टिपांसह ग्रंथरूपाने संकलित केले. एका साध्या प्रश्नातून गणिताच्या कोणत्या विस्तृत क्षेत्राकडे जाता येते, हे त्या टिपा दाखवितात. अशा रीतीने परीक्षेची प्रश्नपत्रिका पुढच्या पिढीचे पाठ्यपुस्तक झाली.

(५)

या स्पर्धेतील पारितोषिकविजेत्यांची नावे वाचली असता कोणीही विस्मित होईल. १८९७ मध्ये लिपोत फेयेर यांना दुसरे पारितोषिक मिळाले, १८९८ मध्ये थिओडोर फॉन कार्मान यांना पहिले. १९०२ मध्ये देनेश केनिग, १९०३ मध्ये आल्फ्रेद हार, १९०४ मध्ये मार्सेल रीस, १९१२ मध्ये गाबोर सेगो, १९१३ मध्ये तिबोर रादो, १९२५ मध्ये एडवर्ड टेलर व लास्लो तिसा, अशी ही मालिका आहे. विसाव्या शतकातील विश्लेषण, वायुगतिशास्त्र, आलेखसिद्धान्त आणि भौतिकी यांचा इतिहास यांतील कित्येक नावांवाचून लिहिताच येणार नाही.

तथापि येथे एका सावधगिरीची आवश्यकता आहे. विजेते पुढे थोर झाले, म्हणून स्पर्धेने त्यांना थोर केले, असे अनुमान काढणे तर्कदृष्ट्या सदोष आहे. जे मुळातच प्रतिभावान होते तेच स्पर्धेत जिंकले आणि तेच पुढे चमकले, असेही म्हणता येईल. मग स्पर्धेने केवळ असलेली गुणवत्ता जाहीर केली एवढेच श्रेय तिच्याकडे उरते. शिवाय अपवादही आहेत. प्रश्न सोडविण्याच्या कलेवर पुढे जगन्मान्य ग्रंथ लिहिणारे जॉर्ज पोल्या हे या स्पर्धेस बसले, परंतु त्यांनी आपली उत्तरपत्रिकाच दिली नाही, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. चार तासांची कसोटी सर्व प्रकारच्या बुद्धीस मानवत नाही, हा आक्षेप यावरून बळकट होतो.

म्हणूनच स्पर्धेच्या लाभाचा पुरावा विजेत्यांच्या यादीत न शोधता विजेत्यांनी पुढे काय केले आणि जे विजेते नव्हते त्यांचे काय झाले, या दोन ठिकाणी शोधला पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फेयेर यांच्या आयुष्यात मिळते. पेच या राजधानीपासून दूर असलेल्या शहरातला हा मुलगा. त्या वेळी त्याचे आडनाव वाइस होते. तो मासिकातील प्रश्नांची उत्तरे नियमाने धाडीत असे. लिपोत वाइस याने पुन्हा एक सुरेख उत्तर पाठविले आहे, असे सांगून रात्स बुडापेस्टमधील आपल्या विद्यार्थ्यांच्या बैठकीस आरंभ करीत, अशी आठवण नोंदलेली आहे. ज्याला राजधानीतील कोणी पाहिलेही नव्हते त्या विद्यार्थ्याचे नाव अशा प्रकारे राजधानीत पोहोचले होते. १९०० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, फेयेर यांनी फूर्ये श्रेणींच्या बेरजेविषयीचा आपला मूलभूत सिद्धान्त प्रसिद्ध केला. १९११ पासून बुडापेस्ट विद्यापीठातील प्राध्यापक या नात्याने त्यांनी अनेक पिढ्या घडविल्या. सेगो यांचे उदाहरणही असेच आहे. शाळकरी फॉन नॉयमान यांची असामान्य बुद्धी रात्स यांच्या ध्यानात आली, आणि त्यांना विद्यापीठीय गणित शिकविण्याचे काम क्यूर्शाक यांच्यामार्फत तरुण सेगो यांच्याकडे आले. म्हणजे १९१२ चा विजेता काही वर्षांतच पुढच्या पिढीचा शिक्षक झाला होता. केंब्रिजमध्ये अग्रक्रमाचा मानकरी बहुधा दुसऱ्या क्षेत्राकडे वळे. येथे विजेता परत विद्यार्थ्यांकडे येई.

(६)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धात बंद पडलेले मासिक १९२५ मध्ये आन्दोर फारागो यांनी पुनरुज्जीवित केले आणि त्यात भौतिकीसही स्थान दिले. सर्वाधिक उत्तरे पाठविणाऱ्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे त्यात छापली जात. पाल एर्डश, पाल तुरान, तिबोर गल्लाई, ग्यर्ग्य सेकेरेश, एस्तेर क्लाइन ही तरुण मंडळी या मासिकातील प्रश्नांवर वाढली. परस्परांची नावे व चेहरे त्यांतील अनेकांना प्रत्यक्ष भेटीपूर्वीच ठाऊक होते. १९३० च्या सुमारास ती बुडापेस्टमध्ये एकत्र आली. नगरोद्यानातील अज्ञात इतिवृत्तकाराच्या पुतळ्यापाशी ती जमत आणि गणिताविषयी बोलत.

अशाच एका चर्चेत एस्तेर क्लाइन यांनी एक निरीक्षण मांडले. प्रतलावर कोणतेही पाच बिंदू घ्यावेत, त्यांतील कोणतेही तीन एका रेषेत नसावेत. मग त्यांतून बहिर्वक्र चौकोनाचे चार शिरोबिंदू नेहमीच निवडता येतात. चौकोनाऐवजी अधिक बाजूंची आकृती हवी असल्यास किती बिंदू पुरेसे होतील, हा त्यातून निघालेला प्रश्न एर्डश व सेकेरेश यांनी हाती घेतला, आणि १९३५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. संयोगगणित व भूमिती यांच्या सीमेवरील एका संपूर्ण संशोधनक्षेत्राचे मूळ या निबंधात आहे. सेकेरेश व क्लाइन यांचा १९३७ मध्ये विवाह झाला, म्हणून एर्डश यांनी या समस्येला ‘सुखान्त समस्या’ असे नाव दिले.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सेकेरेश हे गणिताचे विद्यार्थीच नव्हते. त्यांनी रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते आणि काही काळ चामड्याच्या कारखान्यात रसायनज्ञ म्हणून नोकरी केली. क्लाइन भौतिकी शिकत होत्या. या दोघांस गणिताकडे खेचून ठेवणारी शक्ती कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नव्हती, कोणत्याही क्रमांकात नव्हती. शालेय वयात मासिकामुळे लागलेली गोडी आणि त्या गोडीतून जुळलेली मैत्री, हीच ती शक्ती. ज्यांना क्रमांकाच्या यादीने गणिताबाहेरच धरले असते त्यांना प्रश्नांच्या या परंपरेने गणितात ठेवले. स्पर्धेचा खरा लाभ कोणता, या प्रश्नाचा याहून स्पष्ट पुरावा इतिहासात क्वचितच सापडेल.

(७)

या इतिहासाची दुसरी बाजू काळोखी आहे. पहिल्या महायुद्धातील पराभव, १९१९ ची क्रांती व प्रतिक्रांती यांमुळे १९१९ ते १९२१ ही तीन वर्षे स्पर्धा भरली नाही. १९२० च्या कायद्याने विद्यापीठप्रवेशावर वांशिक प्रमाणाची मर्यादा घालण्यात आली आणि ज्यू विद्यार्थ्यांचा वाटा सुमारे सहा टक्क्यांवर रोखण्यात आला. ज्या समाजातून या स्पर्धेचे कित्येक विजेते आले होते त्याच्यासमोर विद्यापीठाचे दार अर्धवट मिटले. अशा काळात जाहीर कसोटीतील यशाला वेगळेच मोल आले. एर्डश यांना १९३० साली विद्यापीठात प्रवेश मिळाला तो राष्ट्रीय परीक्षेतील विजयामुळे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जन्मावरून मनुष्याची योग्यता ठरविणाऱ्या राज्यात, उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहणारी कसोटी ही न्यायाची शेवटची खिडकी ठरते.

परंतु खिडकी म्हणजे घर नव्हे. कार्मान, पोल्या, सेगो, रादो, टेलर, फॉन नॉयमान, विग्नर, एर्डश या सर्वांची प्रौढ कारकीर्द मुख्यतः परदेशात घडली. एका छोट्या राष्ट्राने हुडकलेली व जोपासलेली बुद्धी त्याच राष्ट्राच्या राजकारणाने बाहेर घालविली.

देनेश केनिग मागे राहिले. स्पर्धेची सूचना करणाऱ्या ग्युला केनिग यांचे हे पुत्र आणि १९०२ चे विजेते. बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठात ते शिकवीत, आणि शालेय गणितस्पर्धांच्या परीक्षक-समितीचे काम त्यांनी अनेक वर्षे निष्ठेने केले. आलेखसिद्धान्तावरील पहिला ग्रंथ त्यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या व्याख्यानांतून गल्लाई आदी तरुण या विषयाकडे वळले. १९४४ च्या ऑक्टोबरात ज्यूंचा छळ करणाऱ्या पक्षाने सत्ता बळकावली, तेव्हा काही दिवसांतच केनिग यांनी आत्महत्या केली. १९४४ ते १९४६ या काळात स्पर्धाही बंद राहिली.

(८)

युद्धानंतर परंपरा पुन्हा उभी राहिली, हे तिच्या मुळांच्या खोलीचे गमक होय. १९४७ मध्ये यानोश सुरान्यी यांनी मासिक पुन्हा सुरू केले. स्पर्धाही त्याच सुमारास पुन्हा भरू लागली, आणि १९४९ पासून ती क्यूर्शाक यांच्या नावाने ओळखली जाते.

दरम्यान ही कल्पना अन्यत्रही रुजली होती. सोव्हिएट संघात १९३४ साली लेनिनग्राड येथे व १९३५ साली मॉस्को येथे शालेय गणित-ऑलिंपियाड सुरू झाले. तेथेही विद्यापीठातील गणितज्ञांनी शाळकरी मुलांसाठी चालविलेली अभ्यासमंडळे हाच स्पर्धेचा कणा होता. अमेरिकेत पोल्या व सेगो यांनी १९४६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातर्फे एत्वेश स्पर्धेच्या धर्तीवर शालेय स्पर्धा सुरू केली. उत्तरपत्रिका न देणारा स्पर्धक व १९१२ चा विजेता यांनी मिळून हे कार्य करावे, यात या परंपरेचे मर्म आहे. सेकेरेश दांपत्य नात्सींच्या भयाने शांघायला गेले आणि १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. तेथे एस्तेर यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी साप्ताहिक गणितमंडळ सुरू करण्यात पुढाकार घेतला.

१९५९ साली रुमानियात पहिले आंतरराष्ट्रीय गणित-ऑलिंपियाड भरले. सात देशांचे ५२ विद्यार्थी त्यात सहभागी झाले. त्यातील पहिल्याच प्रश्नात न ही कोणतीही नैसर्गिक संख्या असता (२१न + ४) / (१४न + ३) या अपूर्णांकाचे संक्षिप्त रूप होऊ शकत नाही, हे सिद्ध करावयाचे होते. छेदाच्या तिपटीतून अंशाची दुप्पट वजा केली की १ उरतो. तेव्हा दोहोंस १ वाचून सामाईक विभाजक असू शकत नाही. १८९४ च्या प्रश्नाशी याचे नाते कोणाच्याही ध्यानात येईल. दोन राशींचे योग्य मिश्रण शोधावयाचे आणि त्यातून दडलेला संबंध उघड करावयाचा, ही तीच युक्ती, पासष्ट वर्षांनंतरची. ऑलिंपियाडने आणखीही एक गोष्ट जपली आहे. पदके केवळ तिघांस न देता सुमारे निम्म्या स्पर्धकांस दिली जातात. तेथे अग्रक्रमापेक्षा दर्जा मोठा मानला जातो.

(९)

भारतात प्रश्नांच्या या परंपरेचा आरंभ झालाच नव्हता असे नाही. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने भारतीय गणित परिषद स्थापन झाली. तिचे ग्रंथालय दीर्घकाळ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. परिषदेच्या पत्रिकेत प्रश्नांचे एक सदर असे, आणि १९११ साली श्रीनिवास रामानुजन यांनी अनंत वर्गमुळांच्या मालिकेविषयीचा आपला प्रसिद्ध प्रश्न त्यात विचारला. तीन अंक निघाले तरी कोणाचे उत्तर आले नाही. अखेर रामानुजन यांनीच ते दिले. प्रश्न कठीण होता हे खरे. परंतु ती पत्रिका मुख्यतः प्राध्यापक व पदवीधर यांच्यासाठी होती. पेचच्या मुलाप्रमाणे कुंभकोणमच्या किंवा दापोलीच्या शाळकरी मुलाने उत्तर धाडावे, अशी व्यवस्था तिच्याभोवती नव्हती. प्रश्न विचारणारा असामान्य होता. प्रश्न झेलणारा तरुण समुदाय नव्हता.

हा समुदाय घडविण्याचे प्रयत्न बऱ्याच काळाने सुरू झाले. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने १९८६ मध्ये राष्ट्रीय गणित-ऑलिंपियाड सुरू केले. १९८९ साली भारतीय संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि १९९६ साली ती स्पर्धा मुंबईत भरली. ७५ देशांचे ४२४ विद्यार्थी त्या वेळी मुंबईस आले होते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे या कार्याचे राष्ट्रीय केंद्र झाले आहे. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानानेही महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना या दिशेने तयार केले आहे.

या प्रयत्नांचे मूल्यमापन करताना पदकांची मोजणी हे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत फसवे, प्रमाण आहे. ट्रायपॉसने क्रमांक मोजले. ते मोजून झाल्यावर मोजणाऱ्यांनीच यादी मोडीत काढली. हंगेरीच्या अनुभवावरून पाहता तीन कसोट्या अधिक विश्वसनीय ठरतात. स्पर्धेपूर्वी लहान गावातील विद्यार्थ्यापर्यंत, त्याच्या भाषेत, दरमहा नवा प्रश्न पोहोचतो का? स्पर्धेतील प्रश्न पुस्तक उघडे ठेवूनही कठीण राहतो का? आणि स्पर्धेनंतर विजेता व पराजित दोघेही त्या प्रश्नाकडे, आणि परस्परांकडे, परत येतात का?

यांपैकी मधल्या कसोटीची काळजी तज्ज्ञ समित्या घेऊ शकतात. पहिली व तिसरी मात्र कोणत्याही मंडळाच्या आदेशाने साध्य होत नाही; त्यासाठी ग्योरच्या आरान्य यांच्यासारखा शाळाशिक्षक लागतो, आणि टपालाने आलेली उत्तरे वाचण्यासाठी आपल्या संध्याकाळी खर्च करणारा संपादक लागतो. आरान्य यांनी मासिक काढले तेव्हा त्यांच्यापुढे ना कार्मान होते, ना फॉन नॉयमान. उत्तर धाडणारा एखादा विद्यार्थी कुठेतरी असेल, एवढ्याच विश्वासावर पहिला अंक निघाला. त्यानंतर चार वर्षांच्या आतच त्या विद्यार्थ्यांपैकी एक, पेचचा लिपोत वाइस, एत्वेश स्पर्धेचा पारितोषिकविजेता ठरला.